खाडाखोड चालते

ब्युरेटचं रीडिंग घेताना देवकर सर गुडघे वाकवून खालीच बसत. पन्नाशी उलटलेली, अंग जड. तरी काचेच्या नळीतली पातळी डोळ्यासमोर आल्याशिवाय आकडा उच्चारत नसत. उभ्याउभ्या वाचणाऱ्याला म्हणत, "वरनं बघशील तर कमी दिसंल, खालनं बघशील तर जास्त. बरोबरीनं बस."

आकुर्डीच्या कॉलेजात ते आम्हाला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला परिमाणात्मक विश्लेषण शिकवत. द्रावणात काय आहे यापेक्षा किती आहे, हे काढायचं. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी असे. प्रयोगशाळेत मात्र पिंपळे गुरवच्या त्यांच्या जुन्या घरातली बोली बाहेर यायची. कुणाची तिन्ही रीडिंग अगदी सारखी आली की वही हातात घेऊन विचारत, "एवढं गोड कसं आलं रं?" रागावत नसत. प्रयोग पुन्हा करायला लावत.

परीक्षेच्या सोळा दिवस आधी माझे पप्पा गेले. चाकणच्या कंपनीत, सकाळच्या शिफ्टला, उभ्याउभ्या हार्ट अटॅक आला. लातूरहून आत्या आल्या, घर भरलं, सगळे रडले. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. पोरीला धक्का बसलाय, असं कुणीतरी म्हणालं. मला धक्काही जाणवत नव्हता.

प्रॅक्टिकलला मला साधं टायट्रेशन आलं. फ्लास्कमध्ये आम्ल, ब्युरेटमधून थेंबथेंब अल्कली सोडायची आणि फिकट गुलाबी रंग येताच थांबायचं. मला थांबताच येईना. रंग यायचा, मी बघत राहायचे, फ्लास्क बिटाच्या पाण्यासारखा व्हायचा. तीनदा तसंच झालं. मग मी सरावाच्या वेळी आलेला आकडा लिहून टाकला. ९.८, ९.८, ९.८.

सर आले. फ्लास्क पाहिला, कागद पाहिला. बाहेरचे परीक्षक खिडकीपाशी दुसऱ्या मुलाची तोंडी घेत होते.

"फ्लास्क एक सांगतोय, कागद एक," सर हळूच म्हणाले.

"सर, मला काहीच कळत नाहीये."

"नको कळू दे. फुडचा थेंब तेवढा बघ."

ते परीक्षकांशी काहीतरी बोलले. मला अर्धा तास मिळाला. सर माझ्या टेबलापासून चार पावलांवर पाठ करून उभे राहिले. मी पुढचा थेंब बघितला, मग त्याच्या पुढचा. ११.३, ११.४, ११.३.

"आधीचे आकडे खोड आणि शेजारी सही कर," सर म्हणाले. "खाडाखोड चालती. खोटं न्हाई."

निकालात माझे मार्क उशिराबद्दल आणि वाया घालवलेल्या द्रावणाबद्दल कापलेले होते. माझा पहिला वर्ग तीन मार्कांनी गेला. मैत्रिणी म्हणाल्या, हे सर माणूस आहेत की दगड. मलाही तसंच वाटलं. दाखला घ्यायला गेले तेव्हा मी विचारलं, "सर, तीन मार्क वाढवता आले नसते?"

"आले असते," ते म्हणाले. "पन मग ते तुज्या पप्पांच्या जाण्याचे झाले असते. तुझे न्हाई." आणि पुढच्या मुलाच्या अर्जावर सही करू लागले.

आज मी चाकणच्याच एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. वर्षातून एकदोनदा सरांना फोन करायचे. ते तब्येत विचारत नसत, काम विचारत. गेल्या वर्षी त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला आणि पाच महिन्यांत सगळं संपलं. जुन्या ग्रुपवर मेसेज आला. मी वाचला, फोन खिशात ठेवला आणि उरलेले सात नमुने तपासले.

दहा-बारा दिवसांनी पिंपळे गुरवला त्यांच्या घरी गेले. सरांच्या पत्नी, काकू, एकट्याच होत्या, मटार सोलत होत्या. मीही समोर बसून सोलू लागले. सोलता सोलता त्या म्हणाल्या, "वर्षा, मला अजून रडू आलेलं नाही गं. लोक बघतात माझ्याकडे. काही चुकतंय का माझं?"

"नाही, काकू."

"तुझे वडील गेले तेव्हा तुला कधी आलं?"

मी पुढची शेंग उचलली. "अजून नाही."

त्यांनी मान हलवली. मटारचं पातेलं उचलून आत गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, "दोघींपुरता भात टाकते. जेवूनच जा."