आईने सांगितलेला अर्थ

आमच्या गावच्या देवळात श्रावणभर पोथी लागते. एक जण ओव्या वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. अर्थ सांगायचं काम बाबांनी उभा जन्म केलं. ते गेल्यावर त्या जागी आई बसली आणि खालापूरच्या कचेरीतून धावतपळत येणारा मी वाचायला. विधवा बाई अर्थ सांगणार म्हणून कुजबुज झाली, पण बाबांचं सगळं निरूपण पाठ असलेलं दुसरं माणूस गावात होतं कुठे?

गेल्या श्रावणात विधवेच्या धर्माचा अध्याय आला. तिने एकवेळ जेवावं, जमिनीवर झोपावं, शुभकार्यात तोंड दाखवू नये, असलं सगळं. समोर शेजारची सून सासूला चिकटून बसली होती. तिच्या नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. घरात कोंडून घेते म्हणून आईनेच तिला ओढून आणलं होतं. हे ऐकून ती उठून गेली, तर पुन्हा उंबरा ओलांडायची नाही. मी शहाणपणा केला आणि दोन पानं एकदम उलटली.

"मागं ये रं," आई म्हणाली. "पोथीतली ओवी गाळायची नसते."

"अगं, पण..."

"वाच."

वाचलं. माझा आवाज मलाच नकोसा झाला. सुनेची मान खाली गेली. या जागी बाबा दरवर्षी खोकायचे आणि "अर्थ सरळ हाय, पुढं चला" म्हणून सुटायचे. आई खोकली नाही.

"पूर्वी विधवा बायांचे काय हाल करीत व्हते, ते ह्यातून कळतं, म्हनून गाळायचं नाय," ती म्हणाली. "पन लिवनारा कधी विधवा झाला नवता. मी झालेय. दोन वेळा जेवते, खाटेवर झोपते, आनि देवासमोर बसून तुमाला अर्थ सांगते. देव रागावला असता तर जीभ झडली असती माझी."

माझी छाती अशी फुगली की पुढची ओवी सापडेना. बाबांपेक्षा आई वरचढ निघाली, हे मी बिनदिक्कत सांगतो.

तेवढ्यात सुनेने मान वर केली.

"काकी, दिवाळीनंतर नणंदेचं लगीन हाय. मी हळद लावली तर चालंल?"

आईने सासूकडे नुसतं बघितलं. सासूने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "पयली तूच लाव गं."