नेमुरो: समोर दिसणारं, पण जाता न येणारं बेट

भांडण तिकिटांवरून झालं. साताऱ्याला माझ्या आईची पंचाहत्तरी, आणि माझ्या नवऱ्याचं, मंदारचं, तेच पालुपद: "तू आणि ईरा जा, मी इथे थांबतो."

ईराच्या बाळंतपणाला माहेरी गेले आणि कोविडमुळे जपानने दारं लावून घेतली. ईरा बापाला पहिल्यांदा भेटली ती दीड वर्षाची झाल्यावर, आणि त्याला बघून तिने भोकाड पसरलं! तेव्हापासून त्सुकुबा या आमच्या जपानी शहरातल्या मूठभर मराठी घरांत अलिखित नियमच झालाय. भारतात अख्खं कुटुंब एकदम जात नाही. न जाणो, पुन्हा बंद झालं तर? एकजण घर आणि नोकरी राखायला मागे राहतो. मला या नियमाचा वीट आलाय.

ईराला बापाकडे सोपवलं आणि रागाच्या भरात जपानचं पूर्वेचं टोक गाठायला निघाले. माहिती मात्र नीट देते. हानेदा विमानतळावरून नाकाशिबेत्सुपर्यंत विमान, पुढे नेमुरोपर्यंत जवळजवळ दोन तास बस. नोसाप्पूच्या टोकाला जाणारी बस नेमुरो स्टेशनजवळून सुटते. फेऱ्या मोजक्याच आहेत, वेळा बघून ठेवा. मे महिन्यातही जाड जाकीट हवंच. शाकाहारी मंडळींनो, हे गाव खेकड्यांचं. मी ओनिगिरीवर, म्हणजे भाताच्या मुटक्यांवर, दिवस काढला.

टोकावर दुर्बिणी फुकट आहेत. चार किलोमीटरच्या आत बेटावरचा दीपस्तंभ दिसतो, पण तिथे जाता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी इथली ही बेटं सोव्हिएत सैन्याने घेतली, आज ती रशियाकडे आहेत. तिथून आलेली म्हातारी माणसं इथेच गावात राहतात. माझ्या घरगुती लॉजच्या मालकीण किमुरा-आजी त्यांतल्याच. पंच्याऐंशीच्या पुढच्या, पण चाल माझ्यापेक्षा तुरतुरीत. त्या सोबत आल्या होत्या. थर्मासमधून दोघींना चहा ओतला आणि तिसरा कप समुद्राकडे तोंड करून कठड्यावर ठेवला.

"वडिलांचा," त्या म्हणाल्या. "आम्हाला बोटीत बसवलं आणि ते मागे राहिले. घर आणि वाळत घातलेलं कोंबू राखायला."

कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ, इथलं पीक.

"मग आले?"

"नाही. मध्यंतरी कबरींना भेट द्यायला बोट जायची, मीही एकदा गेले. आता तीही बंद. घराच्या जागी नुसतं गवत होतं. तेवढ्यासाठी वडील मागे राहिले बघ."

आमचा नियम मी त्यांना सांगून टाकला.

आजींनी मला नीट न्याहाळलं. "तुमच्या घरात राखण्यासारखं काय आहे ग?"

मी खरंच आठवून पाहिलं. वॉशिंग मशीन, राइस कुकर, दोन सायकली. नोकरीचं म्हणाल, तर मंदारची रजा चांगली साठलेली. छे! एवढ्यासाठी आम्ही चार वर्षं एकमेकांना विमानतळावर सोडायला जातोय?

त्सुकुबाला पोचले आणि बूट काढता काढताच सांगितलं, "तीन तिकिटं काढतेय."

"अगं, पण पुन्हा बंद झालं तर?" मंदार म्हणाला.

"तर तिघं एकाच बाजूला असू."

ईरा खेळणी टाकून दारात आली आणि तिने जपानीत विचारलं, "बाबापण?"

मंदारने तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या बालवाडीच्या रजेच्या अर्जासोबत स्वतःच्या रजेचाही अर्ज शोधायला उठला.