नवऱ्याने गाडीच्या काचेला काय फासलं

आमच्या घरात गाडी मी चालवते आणि गाडीची काळजी नवरा घेतो. लायसन त्यानेही काढलं होतं. पण परळच्या पुलावर एका बसने मागून जोरात हॉर्न दिला, तेव्हा तो गाडी तिथेच बंद करून खाली उतरला, आणि मुंबई हे गाडी चालवायचं शहरच नाही असं त्याने जाहीर केलं. तेव्हापासून सीटकव्हर, परफ्यूम, लिंबू-मिरची आणि डॅशबोर्डवरचा गणपती ही खाती त्याच्याकडे.

जुलैमधल्या एका रविवारी तो एक छोटी बाटली घेऊन आला. समोरच्या काचेला हे लावायचं, मग पावसाचं पाणी काचेवर ठरतच नाही, थेंब होऊन उडून जातं, वायपरसुद्धा लागत नाही, असं त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. व्हिडिओतला माणूस कोरड्या ठणठणीत गॅरेजमध्ये होता. आम्ही लालबागला, चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या कंपाउंडमध्ये, आणि हवा अशी की सोमवारी वाळत घातलेला टॉवेल गुरुवारीही ओलाच. बाटलीवर लिहिलं होतं, पातळ हात द्या, वाळू द्या, मग कोरड्या फडक्याने पुसून काढा. नवऱ्याने सुरमईला मसाला चोळावा तसा सढळ हात मारला. वाळायच्या आत सर आली.

"बरं झालं," तो म्हणाला, "लगेच टेस्ट होईल."

थेंब झाले खरे. उभ्या गाडीवर फार सुंदर दिसत होते. त्याने फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकले. अंगठे आले, हात जोडलेले आले.

दुसऱ्या दिवशी मला सासूबाईंना शीवला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनचं ठरवायचं होतं. हिंदमाता ओलांडेपर्यंत नुसती रिमझिम होती. दादर टीटीला पाऊस वाढला, मी वायपर सुरू केले आणि समोरची काच ताकासारखी झाली. वायपर फिरला की मागे पांढुरका पट्टा, तो विरतोय तोवर पुन्हा वायपर, पुन्हा पट्टा. वर ते रबर कर्र कर्र करत काचेवर उड्या मारत होतं. पुढच्या टॅक्सीचे लाल दिवे पसरून पसरून काचभर झाले. टॅक्सी उभी आहे की चालली आहे, काही कळेना.

"अगो, ब्रेक मार! टॅक्सी उभी हा!" शेजारी बसलेल्या सासूबाई ओरडल्या.

मी ब्रेक मारला. डॅशबोर्डवरचा गणपती निसटून त्यांच्या मांडीवर आला. त्यांनी त्याला उचलून सरळ पिशवीत टाकलं. डॅशबोर्डवर बसून त्याचाही काही उपयोग दिसत नव्हताच.

"माका एका डोळ्यान दिसता, तां तुका दोन डोळ्यांनी दिसणा नाय?"

मी खिडकी खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि अर्धी भिजत, मागच्यांच्या शिव्या खात गाडी कशीबशी एका गल्लीत नेऊन लावली. सासूबाईंनी उतरून पेपरने काच पुसली. आता काचेवर तेलकट रेघा आणि त्यात छापील शाई. शेवटी आम्ही टॅक्सीने शीवला गेलो. त्या टॅक्सीच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा होता, पण तड्याच्या दोन्ही बाजूंना मुंबई लख्ख दिसत होती.

तिथून नवऱ्याला फोन केला. "वायपरचं रबर गेलं असणार," तो म्हणाला.

नवे वायपर बसवले. ताक तसंच. मग काच नीट धुतली नसेल असं ठरलं, म्हणून भांड्यांच्या साबणाने धुतली. इमारतीतल्या सगळ्यांना विषय मिळाला. कुणी व्हिनेगर सांगितलं, कुणी राख. तळमजल्यावरच्या एका काकांनी, ज्यांनी आयुष्यात सायकलही घेतली नाही, टूथपेस्टचा आग्रह धरला. टूथपेस्टने एवढंच झालं की गाडीला पुदिन्याचा वास यायला लागला आणि कंपाउंडभर फेस वाहिला. फेसावरून काकाच घसरले. सुदैवाने तुळशीच्या कुंडीला धरून राहिले.

चारचौघांत मी नवऱ्याला अहो म्हणते, घरात तू. त्या संध्याकाळी घरात म्हटलं, "तू तो थर आधी काढ."

"थर नाहीये तो. कोटिंग आहे. संरक्षण असतं."

"कोणाचं? काचेचं की आपलं?"

तो जेवला नाही. म्हणजे, आमटी-भात जेवला, पण मासा नाही घेतला. आमच्याकडे तो उपासच.

सासूबाईंचं ऑपरेशन छान पार पडलं. त्यानंतरच्या एका उघडिपीच्या सकाळी मी परळच्या एका दुकानातून काचेच्या पॉलिशचा डबा आणला. दुकानदाराने मोबाईलवरची नजर न उचलता तो दिला. डब्यावर लिहिलं होतं, पेस्ट ओल्या स्पंजावर घ्यायची, थोडीथोडी काच गोल गोल घासायची आणि भरपूर पाण्याने धुवायची. मग वरून पाणी ओतून बघायचं. पाणी सपाट पसरलं की कोटिंग गेलं, थेंब जमले की अजून आहे.

अर्धी काच मी घेतली, अर्धी नवऱ्याने. सासूबाईंना घरात बसवेना. काळा गॉगल लावून त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, गाडीपासून लांब, एखाद्या सिनेनटीसारख्या बसल्या आणि तिथून हुकूम सोडत राहिल्या. "थंय अजून चिकाट दिसता. वर. आणखी वर."

खांदे भरून आले. मी माझ्या बाजूला तांब्याभर पाणी ओतलं, ते सरळ पसरत खाली गेलं. त्याने आपल्या बाजूला ओतलं. टपोरे, गोल, मोत्यासारखे थेंब.

"बघा," तो इतक्या अभिमानाने म्हणाला, "माझ्या बाजूला अजून कसे टिकलेत!"

"झिला," सासूबाई म्हणाल्या, "थेंब कित्याक बघीत बसलंस? घास मेल्या."

तो पुन्हा घासायला लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू आईला घेऊन भर पावसात जातेस. हिंदमाताला पाणी भरलेलं असतं. मी ऑफिसात फोनकडे बघत बसलेला असतो. मला चालवता येत नाही गाडी. म्हटलं, निदान काच तरी..."

पुलावरच्या त्या दिवसानंतर गाडी चालवता येत नाही हे तो पहिल्यांदाच तोंडाने म्हणाला होता. काहीतरी छान बोलावं असं फार वाटलं, पण सासूबाई ऐकत होत्या आणि तळमजल्यावरचे काकाही खिडकीत आले होते.

"अहो, खालचा कोपरा राहिलाय," मी म्हटलं.

त्याने कोपरा घासला. आजूबाजूचा सगळा भाग घासला, मग माझी बाजूही एकदा घासून घेतली. पाणी दोन्हीकडे सारखं पसरलं.

दुपारी धो धो पाऊस लागला. त्याने स्वतःहून चावी माझ्या हातात दिली आणि आम्ही तिघं बटाटेवडे खायला गिरगावला निघालो. वायपर मुकाट्याने फिरत होते. समोरचे खड्डे, सिग्नल, रस्ता ओलांडणारी छत्र्यांची रांग, सगळं स्वच्छ दिसत होतं. मागच्या सीटवरून नवरा "लेफ्ट घे, लेफ्ट" म्हणत असताना मी राइट घेतला आणि आम्ही एका वन-वेत उलटे शिरलो. समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याचा चेहरासुद्धा मला अगदी नीट दिसला.