मुर्ध्याच्या गोदामातल्या चार पिना

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, बायको म्हणते की आता सोडा ते. पण सुटत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. खून करणाऱ्याला निदान आपण काय केलं हे ठाऊक असतं. या प्रकरणातल्या खऱ्या दोषींपैकी एकालाही आपलं काही चुकलं असं वाटत नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. नावं मी कुणाचीच देणार नाही.

दोन हजार सालाला पाच-सहा वर्षं उलटून गेली होती. मी भाईंदरला सहायक पोलीस निरीक्षक होतो. एका सोमवारी सकाळी, हजेरी आटोपून आरोपींना कोर्टात पाठवायची घाई चालू असताना, साठी ओलांडलेले एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन. गिरगावातली खोली विकून भाईंदर पश्चिमेला राहायला आलेले. त्यांना मी इथे काका म्हणेन, कारण पुढे मी त्यांना तेच म्हणायला लागलो. काकांनी तीस वर्षं विमानांच्या वर्कशॉपमध्ये लँडिंग गिअरचं काम केलं होतं. लँडिंग गिअर म्हणजे विमानाची चाकं आणि ती चाकं ज्यावर उभी असतात तो सगळा पाय. तो उघडायचा, तपासायचा, झिजलेले भाग बदलायचे आणि पुन्हा जोडायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

घरातले जुने नळ चकचकीत करून घ्यायला ते भाईंदर पूर्वेच्या एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या, गाळ्यात गेले होते. तिथे सुकत टाकलेल्या नळांच्या रांगेत त्यांना चार पिना दिसल्या. मनगटाएवढ्या जाड, वीतभर लांब, आतून पोकळ. एका छोट्या, आठ आसनी विमानाच्या लँडिंग गिअरच्या त्या पिना होत्या. काकांनी त्या जातीच्या शेकडो पिना हाताळल्या होत्या, त्यामुळे ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

मी विचारलं, चोरीला गेल्यात का? माहीत नाही म्हणाले. मालक कोण? तेही माहीत नाही. मग तक्रार कशाची, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ते समजावून सांगायला लागले, तेवढ्यात फोन वाजला. मी हवालदाराला सांगितलं की यांचा पत्ता लिहून घ्या आणि विमान खात्याकडे अर्ज करायला सांगा. आमच्याकडे नको असलेला माणूस घालवायची ही जुनी युक्ती आहे. दुसऱ्या खात्याचं नाव सांगितलं की माणूस जातो.

काका गुरुवारी परत आले. दहा वाजल्यापासून बाकावर बसून होते. एक वाजता मी त्यांना आत बोलावलं. ते एवढंच म्हणाले, "साहेब, सोमवारी चार होत्या. आज मी पुन्हा गेलो होतो. आता दोनच आहेत."

मग मी त्यांना बसवलं आणि नीट ऐकून घेतलं. अशा भागांचं आयुष्य विमान किती वेळा उतरलं यावर मोजतात. तेवढा आकडा भरला की भाग काढायचा. तो दिसायला नवा असला, तरी काढायचा, कारण पोलादाच्या आत जे दमलेलं असतं ते डोळ्यांना दिसत नाही. काढलेला भाग नुसता भंगारात टाकून चालत नाही. तो कापून त्याचे तुकडे करावे लागतात, म्हणजे पुन्हा कुणी तो बसवू शकणार नाही. नव्या भागाबरोबर त्याचा दाखला येतो, आणि दाखला नसेल तर भागाला हातसुद्धा लावायचा नाही. मी विचारलं की प्लेटिंगने एवढं काय बिघडतं? त्यावर काका म्हणाले की अशा कडक पोलादावर प्लेटिंग केलं तर काही तासांच्या आत ते भट्टीत ठेवून बराच वेळ तापवावं लागतं. नाहीतर ते आतून बिस्किटासारखं ठिसूळ होतं. वरून चमकतं, आणि एक दिवस उतरताना काही न सांगता मोडतं.

"तुम्हाला हे नियम किचकट वाटतील," ते म्हणाले. "पण त्यातली एकेक ओळ कुठंतरी माणसं मेल्यावर लिहिली गेलीय."

मला त्या वेळी स्वतःची लाज वाटली, हे इथे स्पष्ट लिहितो. स्टेशन डायरीत नोंद केली, काकांची फिर्याद घेतली आणि दोन पंच घेऊन त्याच दुपारी गाळ्यावर गेलो.

प्लेटिंगवाला राजापूरकडचा, पन्नाशीचा, हात आम्लाने काळेनिळे झालेले. पोलीस पाहून त्याने हातातलं काम खाली ठेवलं. उरलेल्या दोन पिना त्याने आपणहून काढून दिल्या. भाईंदरजवळच्या मुर्ध्याला गोदाम असलेल्या एका भंगार व्यापाऱ्याने त्या आणल्या होत्या आणि शूटिंगच्या सेटवर लावायचं सामान आहे असं त्याला सांगितलं होतं. दोन पिना मंगळवारी घाईने नेल्या, बाकीच्या नंतर नेतो म्हणाला होता. माणूस खोटं बोलतो तेव्हा फार सुसंगत बोलतो. हा मधेच अडखळत होता, मागे जाऊन दुरुस्त करत होता, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसला.

जबाब पुरता असावा म्हणून मी त्याला काम कसं केलं तेही विचारलं. तो म्हणाला, "शेठ बोलला, वरून चमक नको, मॅट ठेव. मग वरून मॅट केलं. आतलं तो काय बोलला नाही, तर आतून मी नेहमीसारखं केलं. आपल्याकडे नळाच्या पोटातून निकेलची तार सोडून आतूनपण चढवतात साहेब. नाहीतर आत गंज धरतो नि गिऱ्हाईक शिव्या घालतं." मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. काका शेजारीच उभे होते. त्यांनी ते वाक्य त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

मुर्ध्याचं गोदाम मिठागराच्या बाजूला होतं. जागेचा मालक तिथलाच, जुना मासेमारी करणारा म्हातारा. आत विमानांच्या भंगाराचा ढीग, आणि कोपऱ्यात लोखंड कापायचं भलंमोठं यंत्र. व्यापाऱ्याने फाइल काढून दाखवली. जुनी विमानं मोडीत काढणाऱ्या कंपनीला त्याने लिहून दिलं होतं की घेतलेला सगळा माल या यंत्रावर कापून नष्ट केला आहे. कागद टापटीप, सही-शिक्का जागच्या जागी. मी म्हाताऱ्याला विचारलं की हे यंत्र चालतं कधी?

"कवा चालतंय?" तो म्हणाला. "आनलं तवापासून त्याचा आवाज आयकला न्हाय. ह्ये चाललं आसतं तं माज्या घरातली भांडी खाली पडली आसती. माजं घर ह्ये काय, भिंतीला लागूनच हाय."

मी व्यापाऱ्याला यंत्र सुरू करायला सांगितलं. पात्यावरचा कारखान्यातला तेलकट कागदसुद्धा निघाला नव्हता. त्याला ठाण्यात आणला.

चौकशीत मी त्याच्या अंगाला हात लावला नाही. लावावासा मात्र फार वाटला. पहिला दिवसभर तो दोनच पिना होत्या असं म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी, विकल्या पण शोभेची वस्तू म्हणून विकल्या, असं म्हणायला लागला. तिसऱ्या दिवशी त्याला चहा देऊन मी समोर बसवलं आणि त्या पिना विमानात लागल्या तर काय होईल ते काकांच्या शब्दांत सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग मला समजावल्यासारखं म्हणाला, "साहेब, कोणी मेलाय काय? फॉरेनचा स्टील आहे. हे लोक रूलच्या नावाखाली चांगला माल फेकून देतात. मैं तो काम में ला रहा हूँ."

कोणी मेलाय काय! नोकरीभर हे वाक्य मी ऐकलं. बिनपरवान्याचं गॅस सिलिंडर भरणाऱ्याकडून ऐकलं, भेसळवाल्याकडून ऐकलं. खेदाने सांगतो, या प्रकरणात माझ्या एका वरिष्ठांनीही तेच विचारलं. भंगाराची विक्री कायदेशीर आहे, तुम्ही कशाला आकाशातल्या भानगडी ओढवून घेता, असं ते म्हणाले. प्रेत समोर आल्याशिवाय आपल्याकडे कुणाला गुन्हा दिसतच नाही. मी तपास थांबवला नाही.

यंत्राचा पंचनामा, म्हाताऱ्याचा जबाब आणि व्यापाऱ्याची स्वतःची सही मी त्याच्यासमोर एका ओळीत मांडली. खोट्या दस्तऐवजाचं कलम त्याला वाचून दाखवलं. हा गुन्हा सिद्ध करायला कुणी मरायची गरज नाही, हे त्याच्या डोक्यात शिरलं तेव्हा तो ढिला झाला. दोन पिना त्याने बनावट दाखल्यासह एका छोट्या विमान कंपनीला नव्या म्हणून विकल्या होत्या. लोकांना भाड्याने विमान देणारी कंपनी. पिना विमानाला बसवूनही झाल्या होत्या.

आम्ही तसेच निघालो. कंपनीचं विमान जिथे असायचं तिथल्या ठाण्याला कळवलं, विमान खात्याच्या अधिकाऱ्यांना फोन केला, ते लगेच आले. काका माझ्या जीपमध्ये होते. हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमध्ये, पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि ते विमान बाहेर उभं होतं. चार वाजता सहा प्रवासी घेऊन ते उडणार होतं. वैमानिक एक तरुण बाई होत्या, उड्डाणाची तयारी करत होत्या.

देखभालीची सही करणारा इंजिनिअर फाइल घेऊनच आला. पेपर ओके आहेत, म्हणाला. दाखला आहे, नंबर आहे, तपासणी केल्याची सही आहे, आणि एका भंगारवाल्याच्या बोलण्यावरून विमान खोलायला हे काही नळ दुरुस्तीचं दुकान नाही. खात्याचे अधिकारीही जरा घुटमळले, कारण दाखल्यावरचा नंबर पिनेवरच्या नंबराशी खरोखरच जुळत होता. वरून पाहिलं तर पिन अगदी असायला हवी तशी होती, मॅट, करड्या रंगाची.

काकांनी खिशातून दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा काढला, बॅटरी मागितली आणि चाकाजवळ गुडघ्यांवर बसले. पिनेच्या पोकळ टोकातून आत पाहिलं. मग मला बोलावलं. आत लख्ख चमक होती. कारखान्यातून आलेली पिन आतून हिरवट रंगाने रंगवलेली असते, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. जगातला कुठलाच विमानाचा कारखाना पिन आतून नळासारखी चमकवत नाही.

विमान तिथल्या तिथे थांबवलं. जॅकवर उचलून पिना काढल्या आणि तपासायला नेल्या. त्या तपासणीत पिनेला चुंबकत्व देऊन तिच्यावर एक द्रव ओततात आणि अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली पाहतात. पहिल्या पिनेवर काही नव्हतं. दुसरीच्या मधोमध केसाएवढी हिरवी रेघ उजळली. तो तडा होता, अर्ध्याहून जास्त गोलाईला पसरलेला. वैमानिक बाई आणि तो इंजिनिअरही आमच्याबरोबर खोलीत होते.

वैमानिक बाईंनी इंजिनिअरला विचारलं, "मी या पिनेवर किती वेळा उतरलेय?"

त्याने वही पाहून सांगितलं, नऊ वेळा.

"तुम्ही बसवताना ती बघितली होती?"

"दाखला बघितला होता," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्या हातातली वही घेतली आणि त्या नऊ नोंदी स्वतः वाचल्या. मी नऊ हा आकडा मनात घेऊन उभा होतो. सोमवारी मी काकांचं ऐकून घेतलं असतं, तर चारही पिना गाळ्यातच सापडल्या असत्या आणि त्या नऊ वेळांतली एकही वेळ आली नसती. त्या इंजिनिअरने कागद पाहिला, पिन पाहिली नाही. मी तर समोर बसलेला माणूसच पाहिला नव्हता. ही गोष्ट कुठल्या आरोपपत्रात येत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

पुढची कथा सांगण्यासारखी नाही. खटला वर्षानुवर्षं चालला, कलमं एकेक करून गळाली. कुणालाही इजा झालेली नाही, हा बचाव पक्षाचा मुद्दा, आणि तो खरा होता. व्यापाऱ्याला झाली ती शिक्षा जेमतेम होती, आज त्याचं गोदाम दुसरीकडे आहे. प्लेटिंगवाला प्रत्येक तारखेला गाळा बंद करून साक्षीला आला. शूटिंगचं सामान आहे का याची आपण खात्री केली नाही, याबद्दल तो दर वेळी मला सॉरी म्हणायचा. सगळ्या प्रकरणात माफी मागणारा तो एकटाच.

या प्रकरणानंतर मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकाही पंचनाम्यावर सही केली नाही. माझ्या हाताखालच्या लोकांना त्याचा फार त्रास झाला, वरच्यांनाही झाला, एक बदली त्यापायीच झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. सही ही पाहिल्याची पावती असते. न पाहता केलेली सही म्हणजे सरळ खोटी साक्ष, मग तुमचा शिक्का कितीही मोठा असो.

त्या इंजिनिअरचा परवाना काही महिन्यांसाठी निलंबित झाला आणि नंतर त्याला परत मिळाला. तो कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीत लागला असं कानावर आलं. माझा मुलगा बंगलोरला असतो, वर्षातून दोनदा आम्ही त्याच्याकडे विमानाने जातो. विमान सुटलं की पायाखाली चाकं आत घेतल्याचा आवाज होतो. बायको त्या आवाजाला डोळे मिटते आणि झोपते. मला मात्र दाखला बघितला होता म्हणणारं ते तोंड दिसतं, आणि चाकं जमिनीला टेकून विमान थांबेपर्यंत माझा डोळा लागत नाही.