विमानतळावर मानेला लागलेला हात

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. महाडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये चोवीस वर्षं लोकांचं रक्त काढतेय. रिपोर्टात येईल ते खरं, बाकी गप्पा… असा माझा खाक्या. लॅबमधली पोरं भुताखेतांचं काही सांगायला लागली की मी म्हणायचे, "आधी त्याचं सॅम्पल आण." त्यामुळे हे लिहितेय हे त्यांना कळलं तर माझी धडगत नाही.

गोष्ट गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली. माझी मुलगी बंगळूरला असते. ती सातव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ जेमतेम दीड किलोचं, काचेच्या पेटीत. जावई बोटीवर, त्याला यायला अजून महिना. पोरगी एकटी. दोन-चार दिवसांत बाळ तिच्या हातात देणार होते आणि त्या वेळी मी तिथे हवी होते. पण नेमकी तेव्हाच फ्लूची साथ आली. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं — ताप-खोकल्याचं माणूस बाळाच्या जवळपासही नको, या बाळाला साधा फ्लूही झेपणार नाही.

मी परीक्षेला बसल्यासारखी तयारी केली. चांगले मास्क घेतले. खिडकीची सीट घेतली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा संपर्क कमी. समोरचा ट्रे पुसायला ओले रुमाल घेतले. विमान कंपनीचा मेसेज तीनदा वाचला — ताप, खोकला, घसादुखी असेल तर प्रवास पुढे ढकला, तारीख बदलून देऊ. लसही घेतली, पण निघायच्या तीन दिवस आधी. तिचा उपयोग व्हायला दोन आठवडे लागतात, हे मीच लोकांना सांगत असते!

निघण्याआधी दोन दिवस माहेरी जाऊन आले. माहेर पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वरच्या अंगाला, वीसेक घरांची वाडी. आई मी चार वर्षांची असताना गेली, मला काकीनं वाढवलं. काकीला त्याच्या दोन वर्षं आधी अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात-पाय गेला, बोलणंही तुटक झालं. बंगळूरहून कधी परतेन याचा नेम नव्हता, म्हणून तिला भेटायला गेले.

वाडीत राब भाजायचं काम चालू होतं. पावसाआधी भाताच्या रोपांच्या जागेवर शेण, पाला, फांद्या पसरून पेटवतात, तो राब. सगळ्या डोंगरभर निळा धूर. तो वास नाकात गेला आणि मी दहा वर्षांची झाले… पदर खोचून पाल्याचे भारे उचलायला लागले. वहिनी, म्हणजे काकीची सून, ओरडली, "वन्सं, ऱ्हाऊ द्या! कंबर धरल तुमची." धरलीच. दुसऱ्या दिवशी घसाही खवखवत होता. पण राबाच्या दिवसांत आमच्याकडे कोणाचा घसा खवखवत नाही? अख्खी वाडी खोकत असते.

निघायच्या दिवशी कंबरेसाठी पॅरासिटामॉलची गोळी घेतली आणि पहाटे महाडहून निघाले. विमानतळावर ताप बघणाऱ्या यंत्रासमोरून आरामात पुढे गेले. गोळीनं ताप उतरलेला असतो, हे चोवीस वर्षांच्या नोकरीत मला माहीत नसेल? पण धूर म्हणजे धूर. फॉर्मवर ताप, खोकला, घसादुखी… तिन्हींसमोर "नाही" लिहिलं.

दुपारचे अडीच. विमानात सोडायची रांग लागली, माझ्यापुढे चार-पाच माणसं उरली होती. आणि माझ्या मानेला, उजव्या कानाखाली, मागून कोणीतरी हात लावला.

हात उलटा होता.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. काकी ताप कधी तळव्यानं बघायची नाही. भात कापून-कापून तिच्या तळव्यांना घट्टे पडलेले. म्हणायची, "तळव्याला गरम-गार कळत नाय गो आता." म्हणून उलटा हात, मानेला, आणि तोही मागून, न सांगता. आम्ही पऱ्ह्यावर डुंबायला पळायच्या बेतात असलो की हमखास. मग डुंबणं बंद. ओटीवर पडून मिठाची पेज प्यायची आणि बाकीच्यांचा आरडाओरडा ऐकायचा. किती राग यायचा तेव्हा! आज तसं कोणी अडवणारं उरलं नाही.

तोच हात होता. बोटांची हाडं, खरखरीत कातडी, किंचित ओला.

मी मागे न बघताच बोलून गेले, "काय नाय गो काकी, राबाचा धूर गेलाय."

बोलले आणि स्वतःचंच ऐकून थिजले. मागे वळले तर एक तरुण मुलगा… एका हातात कॉफी, दुसऱ्यात मोबाईल. म्हणाला, "आंटी, कुछ बोला?"

मी रांगेतून बाहेर पडले. काउंटरवरच्या मुलीनं बिचारीनं काही न विचारता बॅग उतरवून घेतली. मास्क लावून, काचा उघड्या ठेवून टॅक्सीनं महाडला आले. आमच्याच लॅबमध्ये तपासणी केली. इन्फ्लुएन्झा पॉझिटिव्ह. रात्री ताप एकशे तीन.

पोरगी फोनवर रडली. "आई, आत्ताच तू नाहीस…" म्हणाली. जीव तुटला माझा.

मग माहेरी फोन लावला. मी गावातून ताप घेऊन आले की देऊन आले, कोण जाणे, म्हणून काकीला जपायला सांगायचं होतं. वहिनीनं मला बोलूच दिलं नाही.

"वन्सं, कवाची फोन लावतेय, रेंजच नाय. आज आईंनी हात उचलला!"

"कुठला?"

"उजवा! दुपारची यष्टी गेली ना, तवा. उलटा धरला वर, असा. मी बोल्ले, काय पायजे? तर बोलल्या, 'पेज ठेव. पोरगी तापली.' आता घरात पोरगी कुठली हाय? पन मी ठेवली बाय पेज."

दुपारची यष्टी आमच्या फाट्यावरून अडीचला सुटते.

काकीला ताप आला नाही. मी तीन आठवड्यांनी, पूर्ण बरी होऊन बंगळूरला गेले. बाळ आता घरभर रांगतं. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, अर्धांगात कधीकधी हात आपोआप आखडून वर जातो. जात असेल. आणि माझ्या मानेला काय लागलं? तापात भास होतात, म्हणाले. होत असतील. दोन्ही एकाच वेळी कसं, यावर ते हसले. रिपोर्ट काही मिळाला नाही.

काकीचा हात त्यानंतर पुन्हा हलला नाही. श्रावणात ती गेली. मी बंगळूरहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तो हात कसा आला, हे कधी कळलं नाही तरी चालेल मला. दोन वर्षं लुळा पडलेला हात होता तो. उचलताना फार दुखलं का गो… एवढंच तिला विचारायचं राहून गेलं.