बारा पस्तीसचा मुहूर्त
काल गडहिंग्लजच्या पाहुण्यांची लग्नपत्रिका आली. हळदीचं बोट लावलेल्या कोपऱ्याखाली मुहूर्त छापला होता, बारा वाजून पस्तीस मिनिटं, आणि मला माझंच लग्न आठवलं. आमचे आजोबा, म्हणजे आबा, फौजेतून सुभेदार होऊन घरी आले त्याला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती, पण मनगटावरचं घड्याळ ते अजून रोज रेडिओच्या बातम्यांवर लावायचे. माझ्या लग्नाचा मुहूर्तही बारा पस्तीसचाच होता. त्या वेळी मी हॉलच्या फाटकाबाहेर घोड्यावर होतो आणि बँडपुढं माझे दोस्त घामाघूम होऊन नाचत होते. एक गाणं संपलं की "आणि एक वाजीव!" म्हणून ओरडायचे. आत आबा उठले, त्यांनी रिकाम्या स्टेजवर अक्षता टाकल्या आणि ते जेवायला गेले. सव्वा वाजता मी दारातनं आत शिरलो, तेव्हा ते हात पुसत बाहेर निघाले होते. "आबा, लगीन लागायचंय अजून," मी म्हणालो. "लागलं की बारा पस्तीसला," ते म्हणाले, "तूच न्हवतास." दोस्त हसले. मला मात्र राग आला, आणि पुढं वर्षभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही. गेल्या साली आबा गेले. रक्षाविसर्जन सकाळी नऊला, असं गल्लीतल्या फळ्यावर लिहिलं होतं. आम्ही घरची माणसं पावणेनऊला स्मशानात पोचलो, तर बँडपुढं नाचलेले ते सगळे दोस्त, आता पोटं सुटलेले, आमच्या आधीच येऊन ओळीत उभे होते.