राष्ट्राध्यक्षांचा रजेचा अर्ज

अमेरिकेच्या राज्यघटनेची जेवढी काळजी आमच्या शेजारच्या काकांनी वाहिली, तेवढी ती लिहिणाऱ्यांनीही वाहिली नसेल. लिहिणारे सह्या ठोकून आपापल्या घरी गेले. काका मात्र अमेरिकेत हर्नडनला मुलाकडे राहायला आले आणि महिन्याभरात त्यांच्या कानावर आलं, की या देशाचा राष्ट्राध्यक्ष हा सरकारी अधिकारी आहे की नाही, यावर मोठमोठे वकील कोर्टात भांडताहेत. शपथ घेतलेल्या अधिकाऱ्याने बंड केलं तर त्याला पुन्हा पद नाही, असं म्हणणारं एक जुनं कलम आहे. त्यात बाकीच्यांची नावं घेतलीत, राष्ट्राध्यक्षाचं घेतलेलं नाही. झालं! काकांनी छत्तीस वर्षं एका जिल्ह्याच्या सरकारी कचेरीत नेमणुका, बदल्या आणि रजा याच विषयांवर टिपणं लिहिली होती. त्यांना हा प्रश्न म्हणजे घरचं कार्य वाटलं.

काकांचं सगळंच कचेरीच्या शिस्तीत चाले. फ्रीजवर त्यांची चिठ्ठी असे, तिच्यावर ‘विषय: दूध संपल्याबाबत’ आणि खाली ‘संदर्भ: आपले कालचे तोंडी आश्वासन’. नात शनिवारी उशिरा उठली तर तिला लेखी खुलासा मागत. ती म्हणे, “आजोबा, इट्स द वीकेंड!” त्यावर ते म्हणत, “खुलासा समाधानकारक आहे.” सकाळी फिरायला निघाले की कोटाच्या खिशात राज्यघटनेची पुस्तिका, तिला पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. मी गाडी काढत असलो की हटकून थांबवायचे. “हे बघ, शपथ घेतो, पगार घेतो, सरकारी बंगल्यात राहतो आणि मुदत संपली की बंगला खाली करतो. मग अधिकारी नाही तर कोण, पाहुणा?” मी एकदा गंमत म्हणून विचारलं, “पण काका, त्यांची रजा कोण मंजूर करतं?” काकांचा चेहरा पडला. दोन दिवस ते फिरायलाच आले नाहीत. सून मेघना फोन करून म्हणाली, “तू काय बोललास त्यांना? ते जेवताना पण फक्त रजा, रजा म्हणताहेत यार.”

एकदा त्यांना ग्रोसरीला घेऊन चाललो होतो आणि स्पीडिंगसाठी मला पोलिसाने थांबवलं. मी आपला “येस ऑफिसर, सॉरी ऑफिसर” करत होतो. पोलीस वॉर्निंग देऊन गेला तेव्हा काका समोर बघत म्हणाले, “हा शिपाई ना रे?”

“हो काका.”

“आणि त्याला ऑफिसर म्हणायचं?”

“इथे सगळे तसंच म्हणतात.”

 मग काकांनी हळूहळू सांगितलं. कारकुनांवरचे अधीक्षक म्हणून ते वर्षानुवर्षं घासले. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं साहेब झाली. काकांच्या बढतीची फाईल मात्र त्यांची जागा अधिकारीपदाच्या बढतीला पात्र धरायची की नाही, या एका शंकेवर अडली. निवृत्तीच्या दिवशीही ती कुणाच्या तरी टेबलावर होती. “एक दिवस जरी अधिकारी म्हणून सही केली असती ना,” ते म्हणाले, आणि सीटबेल्ट सरळ करू लागले. त्या दिवसापासून त्यांच्या राष्ट्राध्यक्षाची चेष्टा करणं मला जड जाऊ लागलं. पूर्ण सुटलं असं मात्र म्हणणार नाही.

अशात आमच्या महाराष्ट्र मंडळात वादळ उठलं. अध्यक्षकाकू आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून भारतात गेल्या आणि लागोपाठ तीन सभांना आल्या नाहीत. मंडळाच्या घटनेचं नववं कलम सांगतं, की परवानगीवाचून तीन सभा चुकवणाऱ्या अधिकाऱ्याचं पद रिकामं झालं असं समजावं. ढोलपथकाच्या कॅप्टनला काकूंनी शाळेच्या हॉलमध्ये ढोल वाजवू दिले नव्हते. तो राग त्याने या कलमात ओतला. पण मंडळाच्या घटनेतही अधिकाऱ्यांच्या यादीत उपाध्यक्ष आणि चिटणीस होते, अध्यक्ष लिहायचा राहून गेला होता! निवाडा करायला काकांपेक्षा योग्य माणूस उत्तर व्हर्जिनियात सापडणार नव्हता. कॅप्टन त्यांच्या घरी जाऊन म्हणाला, “काका, अध्यक्षाला अधिकारी ठरवा. इलेक्शन लागलं की निवडणूक अधिकारी तुम्हीच. छातीवर बॅज लावून.” मी तिथेच चहा पीत होतो. काकांनी बशी खाली ठेवून शर्टाच्या खिशावरून, बॅज लागतो तिथे, हात फिरवला, तो मी पाहिला.

सभेला काकू आल्या त्या आदल्याच दिवशी परतलेल्या, डोळ्यांत झोप घेऊन. म्हणाल्या, “मीच रिझाइन करते. भांडायची ताकद नाहीये मला.” काका उभे राहिले. कोट, टाय, हातात फोल्डर. “अध्यक्ष हा अधिकारीच,” ते म्हणाले. कॅप्टनने विजयी मुद्रेने इकडेतिकडे पाहिलं. “आणि अधिकारी आहे म्हणूनच त्याला रजेचा हक्क आहे. रजा कोण मंजूर करणार, यावर मी पुष्कळ विचार केला. ज्यांनी निवडून दिलं, ते. म्हणजे ही सभा.” मग त्यांनी फोल्डरमधून आपल्या टपोऱ्या अक्षरातला अर्ज काढला, ‘विषय: आईच्या आजारपणामुळे घेतलेल्या रजेस कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत’, आणि काकूंपुढे सहीसाठी ठेवला. रजा आधी घ्यायची, मंजुरी मागाहून. आमच्या सरकारी कचेऱ्या त्यावरच तर चालल्या! हात भराभर वर गेले. कॅप्टनची आईसुद्धा साताऱ्यात एकटी असते. त्याचा हात सगळ्यांत शेवटी गेला, पण गेला. निवडणूक टळली, आणि काकांचा बॅजही. परतताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. 

पुढच्या वर्षी काका कायमचे परत जायला निघाले. इथली थंडी त्यांच्या गुडघ्यांना मंजूर नव्हती. मंडळाने शाल, श्रीफळ आणि मानपत्र दिलं. मानपत्रात मी मुद्दाम ‘निवृत्त अधिकारी’ असं छापून घेतलं होतं. काकांनी ते स्टेजवरच चष्मा लावून वाचलं. त्या दोन शब्दांवर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, ‘अधिकारी’वर सरळ रेघ मारली, वर ‘अधीक्षक’ लिहिलं आणि खाडाखोड साक्षांकित असावी म्हणून समासात छोटी सही केली. खाली उतरल्यावर मी पुटपुटलो, “काका, राहू द्यायचं होतं. इथे कोण बघतंय?” ते म्हणाले, “अरे, मीच बघतोय ना.”

मध्यंतरी मी त्यांना फोन लावला. ख्यालीखुशाली झाल्यावर ते मुद्द्यावर आले. “त्या राष्ट्राध्यक्षाचं काय झालं रे?”

“मोठ्या कोर्टाचा निकाल लागला काका. पण तो अधिकारी आहे की नाही, याला त्यांनी हातच लावला नाही.”

“म्हणजे पेंडिंग.”

“पेंडिंगच म्हणायचं.”

पलीकडे पुस्तिकेची पानं चाळल्याचा आवाज आला.  मग काका म्हणाले, “होईल रे. त्याचं तरी होऊ दे.”